मामांचे दगडू

वाशी तालुक्यात माझ्या मामांइतकं कॉम्प्युटरमधलं कमी कळणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि गावातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर क्लास त्यांचाच आहे. मी तिथं शिकवते. मामा यंत्रं दुरुस्त करत नाहीत, त्यांची दृष्ट काढतात. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची त्यांनीच बांधलीय. कीबोर्डवर स्वतःच्या हातून चहा सांडला तरी "कुणीतरी टोकलं" म्हणतात. आणि एखादं यंत्र दोनदा अडलं, की त्याचं नाव बदलून दगडू ठेवतात. पोरं जगत नाहीत त्या घरात ठेवतात तसं. "चांगल्या नावाला लई नजर लागती, धोंडे!" धोंडे म्हणजे मी. इंग्रजी शाळेच्या फाटकाबाहेरूनही ते मला याच नावानं हाक मारत, खणखणीत आवाजात.

बघता बघता निम्मा क्लास दगडू झाला. सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर, आणि सर्व्हर यंत्राला नावानं ओळखणारा. एका दगडूवर काम चालू असताना दुसरा दगडू सुरू झाला, की सर्व्हरला वाटायचं, पहिलाच बंद पडून पुन्हा उठला. मग तो पहिल्याच्या हातातली फाईल काढून घ्यायचा आणि तोवरचं काम जायचं. पोरी रडायच्या. पालक दुसऱ्या क्लासची चौकशी करू लागले. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. ती फसली असती तर क्लासला कुलूपच. मामांनी उपाय केला: आणखी एक दगडू.

"मामा, नावं वेगळी ठेवू या ना."

"आन् पीडा आली तर? तू निस्तरणार व्हय?"

मला वाद घालता येत नाही. मामा दुपारी घोरू लागल्यावर मी सोय करून टाकली. प्रत्येक यंत्रानं पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच एक लांबलचक, दुसऱ्या कुणाचा नसेल असा ओळख-क्रमांक घ्यायचा, आपल्या डिस्कवर जपायचा आणि कितीदाही बंद-चालू झालं तरी सर्व्हरला तोच सांगायचा. नावाशी सर्व्हरचा संबंधच उरला नाही. दगडू दगडूच राहिले.

परीक्षेत एकही फाईल हरवली नाही. मामांनी सगळ्या दगडूंना हात जोडले. "बघितलंस? नावाचा गुण!"

मीही त्यांच्या शेजारी उभी राहून दगडूंना हात जोडले.

माझ्याआधी आईची दोन बाळं गेली. "लई देखणी नावं ठिवली व्हती," असं मामा एकदाच म्हणाले होते. माझंही शाळेतलं नाव देखणं आहे. मामांनी ते आजवर एकदाही उच्चारलेलं नाही.

"धोंडे, चहा घे गं," त्यांनी हाक मारली.

मी ओ दिली.