गोट्यांच्या टेकडीवरचं बावखल

व्हिटबी शहर सोडून उत्तरेकडच्या एका खेड्यात घर घेतलं, तेव्हा माझ्या यादीत तीन गोष्टी होत्या: विंटर टायर, लाकडं, बावखल. तिसरी वाचून नवरा हसला. आम्ही दोघंही वसईचे. तिथे वाडीत खोल खणलं की गोडं पाणी आपोआप झिरपतं; त्या तळ्याला बावखल म्हणतात, भाजी त्यावरच पिकते. इथल्या विहिरीचं पाणी जेमतेम घरापुरतं. मळा हवा तर बावखल हवंच.

वसईच्या सवयीने घराला लागूनच खणलं. गोल गोटे आणि वाळू, एवढंच निघालं. वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं, तेही बघता बघता गायब.

"पुन्हा बर्फ पडायच्या आत पाणी टिकलं नाही तर हा खड्डा मी बुजवणार," नवरा म्हणाला. "पोरं पाय मोडून घेतील."

शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणापाशी आल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. "चाळणीत पाणी भरताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वी इथे डोंगराएवढं जाड बर्फ होतं. ते वितळलं तेव्हा वाहत्या पाण्याने गोटे न् वाळू या टेकडीवर टाकली. बारीक चिकणमाती पुढे वाहत जाऊन सखल जागी बसली. तुमच्या शेतातला तो एकटा गुलाबी दगडही बर्फानेच उत्तरेकडून आणलाय."

"म्हणजे तोही इमिग्रंट," नवरा म्हणाला. "बिनव्हिसाचा!"

मी तडक कोठारामागच्या खळग्याकडे गेले. तिथे जूनपर्यंत चिखल राहायचा, म्हणून 'भर टाकणे' असं मीच नंतर यादीत लिहिलं होतं! मूठभर माती मळून वळी केली, वाकवून बांगडी केली. तडा गेला नाही. यादीतली ती ओळ खोडली आणि आम्ही तिथे खणलं. खाली निळसर चिकणमाती होती, लोण्यासारखी.

उन्हाळ्याच्या शेवटी जोराच्या सरी आल्या. मी काठी रोवून पाण्याच्या पातळीवर खूण केली. आठवड्याने धाकटी ओरडत आली, "मॉम, इट्स स्टिल देअर!" पाणी खुणेला टेकलेलं होतं.

पहिला खड्डा नवऱ्याने बुजवलाच, पण त्यातले मोठे गोटे मी आधी काढून घेतले आणि बावखलाला पायऱ्या केल्या. बर्फ पडलं तेव्हा तळं काठोकाठ होतं. सकाळी नवरा फावडं घेऊन निघाला.

"आता काय बुजवतोस?"

"बुजवत नाही, बाई. बर्फ शोव्हल करून मोकळी करतोय. तुझ्या बावखलाची वाट."