अथेन्स ते स्पार्टा, व्हाया जॉर्जिया

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अटलांटाच्या एका उपनगरात आम्ही नुकतं घर घेतलं होतं. एका शुक्रवारी आमची मुलगी मित्रा शाळेतून आली ती तोंड पाडूनच. सोमवारी वर्गात वादविवाद होता: प्राचीन ग्रीसमध्ये कुठे राहणं बरं, अथेन्समध्ये की स्पार्टामध्ये? चिठ्ठ्या टाकल्या आणि तिच्या वाट्याला स्पार्टा आला.

"सगळ्यांना अथेन्सच हवं होतं," ती म्हणाली. "स्पार्टा म्हणजे नुसती मारामारी. मी सोमवारी सिक आहे, आई."

प्रकाश, माझा नवरा, रस्त्यांचा नकाशा घेऊन आला. "हे बघ अथेन्स. आणि हे खाली स्पार्टा. दोन्ही आपल्या जॉर्जियातच. जाऊन ठरवू."

मित्राला वाटलं बाबा गंमत करतायत. पण शनिवारी सकाळी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि तिने लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक घेऊन आम्ही निघालो.

अथेन्सला पोचायला दीड-दोन तास लागतात. वाटेत उकडलेल्या शेंगांची टपरी दिसली की थांबा. मीठ घालून उकडलेल्या, गरम, ओल्या शेंगा कागदी पिशवीत देतात. नागपूरच्या आम्हा दोघांना एकदम घरी गेल्यासारखं झालं. टरफलं मात्र आठवडाभर गाडीत सापडत राहतात.

अथेन्स हे कॉलेजचं गाव. पांढऱ्या उंच खांबांची घरं, गॅरेजमधून येणारं गिटार, झाडाखाली वाद घालणारी मुलं. मित्रा खूश. "बघा, अथेन्सच बेस्ट आहे."

कॉलेजच्या हिरवळीवर डबे उघडले आणि प्रकाशने तिला पुस्तक वाचायला लावलं. लोकशाही अथेन्सची, नाटकं अथेन्सची, हे तिला माहीत होतंच. पुढचं पान वाचताना ती अडखळली. मत फक्त पुरुष नागरिकांना. चांगल्या घरातल्या बायका बहुतेक वेळ घरातच, सूत काढत, कापड विणत. बाजारहाट पुरुष किंवा गुलाम करायचे.

"म्हणजे मला भाजीसुद्धा आणता आली नसती," मी म्हटलं.

"आणि स्पार्टात मुली रनिंग करायच्या," मित्रा पुढे वाचत म्हणाली. "कुस्तीपण. जमीन त्यांच्या नावावर असायची, आई." समोरून कॉलेजच्या दोन मुली पळत गेल्या. मित्रा त्यांच्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिने पेन्सिल काढली.

स्पार्टातल्या मुलांचे हाल मात्र तिने मोठ्याने वाचले. सातव्या वर्षी घरातून उचलून छावणीत. पोटभर जेवण नाही. चोरून खा, आणि पकडले गेलात तर मार. वर डुकराच्या रक्ताचा काळा रस्सा.

"आमच्या हॉस्टेलची मेस," प्रकाश म्हणाला.

रात्री गावाबाहेरच्या साध्या मोटेलात राहिलो. स्वस्त, स्वच्छ, आणि मित्राच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्विमिंग पूल.

रविवारी पंधरा नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालो. अजूनही हाच रस्ता घ्या. लाल माती, पाइनची झाडं, मधेच गाई. टाकी आधीच भरून घ्या, रविवारी पंप बंद असू शकतात.

स्पार्टा लहानसं. टेकाडावर घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट, भोवती बंद दुकानं. जेवायला एकही जागा उघडी नव्हती. आम्ही चौकात उभे असताना चर्च सुटलं. मोठ्या निळ्या हॅटमधल्या एका वयस्क कृष्णवर्णीय बाई थेट आमच्याकडे आल्या. त्यांचं नाव मिसेस हॅरिएट. आम्ही उपाशी आहोत हे कळल्यावर त्यांनी येता का असं विचारलंच नाही, सरळ चर्चच्या हॉलमध्ये नेलं. तळलेलं चिकन, पालेभाजी, आणि आपल्या मक्याच्या भाकरीचा गुबगुबीत चुलतभाऊ शोभेल असा कॉर्नब्रेड.

मित्राने त्यांना वादविवादाचं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"पुरुष लढत होते, मुली धावत होत्या," त्या म्हणाल्या. "मग शेत कोण नांगरत होतं, बाळ?"

"हेलॉट्स," मित्रा म्हणाली. "स्पार्टाने जिंकलेले लोक. पीक त्यांनी काढायचं आणि मालकाला द्यायचं. स्पार्टावाले दर वर्षी त्यांच्याविरुद्ध युद्ध जाहीर करायचे, म्हणजे त्यांना मारलं तरी पाप नाही."

"आणि अथेन्समध्ये?"

"गुलाम. चांदीच्या खाणीतपण."

"इथे कापूस होता," मिसेस हॅरिएट म्हणाल्या. "माझ्या आजीची आई तो वेचायची. कोणी मला विचारलं, जुन्या काळी कुठे राहायला आवडेल, तर मी आधी विचारते, कोण म्हणून?"

प्रकाशने काटा खाली ठेवला. "माझे आजोबा," तो इंग्रजीत म्हणाला, "गावाच्या विहिरीला हात लावू शकत नव्हते. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. आमची जात अस्पृश्य मानली जायची."

मी दचकले. घरी बुद्धवंदना व्हायची, बाबासाहेबांचा फोटो होता. पण ही विहीर त्याने मित्राला कधी सांगितली नव्हती. मिसेस हॅरिएटनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग सगळ्यांच्या ताटात कॉबलर, म्हणजे पीच घालून भाजलेला गोड पदार्थ, वाढला आणि प्रकाशला दुप्पट.

परतताना मित्राने विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलं?"

"तू इथे जन्मलीस. वाटलं, तुला कशाला ते ओझं."

"ते ओझं नाहीये. ते माझे पणजोबा आहेत."

 प्रकाशने शेंगा मागितल्या. मी सोलून देत राहिले.

सोमवारी मित्रा शाळेत गेली. मुलींच्या धावण्यावर आणि जमिनीवर जोरात बोलली, आणि शेवटी वर्गाला विचारलं, तुम्ही तिथे कोण म्हणून जन्माला येणार, हे माहीत नसेल तर कुठे राहाल? हात वर झाले तेव्हा अथेन्सच जिंकलं. स्पार्टाच्याच बाजूने बोलणाऱ्या तिच्या जोडीदारणीला राग आला, की शेवटच्या प्रश्नाने सगळ्यांना हेलॉट्स आठवले आणि आपलाच पक्ष पडला. मित्राला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

आज कोणी विचारलं की त्या प्रवासात पाहण्यासारखं काय, तर मी खांब सांगते, लाल माती सांगते, शेंगा तर सांगतेच. पण माझ्यापाशी राहिली ती सोमवारची संध्याकाळ. जेवायला बसल्यावर मित्रा म्हणाली, "तुमच्या आजोबांचं नाव काय होतं, तिथून सुरू करा, बाबा." आणि प्रकाश बोलू लागला. मी वरण दोनदा गरम केलं, पण त्यांना मध्येच थांबवलं नाही.