आमच्या घरचं महाबळेश्वर

महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलं, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते पुस्तकांपुरतं ठीक आहे. आमच्या घरात महाबळेश्वर माझ्या बायकोच्या काकांनी वसवलं असंच मानतात, आणि कोल्हापुरात याबद्दल त्यांच्याशी वाद घालायला कुणी जात नाही. कारण वाद घालणाऱ्याला काका चहा पाजतात आणि चहा संपला तरी सोडत नाहीत. काकांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय अशी अंगात मुरलेली, की जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या घरातूनही वाटी येते. माणूस अंगानं काटकुळा, डोक्यावर बारा महिने मफलर. कोल्हापूरच्या मे महिन्यात मफलर कशाला, असं लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं. "डोंगरावर जायचंय न्हवं आपल्याला," काका म्हणाले. डोंगरावर जायला तेव्हा अकरा महिने अवकाश होता; त्या वर्षीची फेरी नुकतीच झाली होती.

दरवर्षी शाळांचे निकाल लागले की काका जीप धुऊन काढायचे आणि आम्हा सगळ्यांना तिच्यात कोंबायचे. कऱ्हाड, सातारा मागे टाकत वाईपर्यंत ते गप्प असत. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो की इतिहास सुरू. "साहेबाला खाली लई उकडाय लागलं," ही त्याची ठरलेली सुरुवात. "मग त्यानं आजारी सोल्जरं वर आणून ठेवली. ती खडखडीत बरी झाली. साहेब म्हणाला, ह्यो डोंगर आपल्याला पायजे. साताऱ्याच्या महाराजांस्नी बदल्यात दुसरं गाव दिलं आन् डोंगर घेतला." पुढे बंगले आले, क्लब आला, मेमसाहेबांच्या पालख्या आल्या. परमुलखातून चिनी कैदी आणून त्यांच्याकडून बटाटे लावून घेतले, ते आलं. इथे काकांचा आवाज चढायचा. "राबला कैदी, आन् पॉइंटला नाव कुणाचं? साहेबाचं. का? तर साहेब तितं हुबा ऱ्हाऊन खाली बघत हुता. अरं, मग आमी काय डोळं मिटून हुबा ऱ्हातोय व्हय?" त्यातूनच काकांचा नेम निघाला. जो उभा राहिला, त्याचं नाव. गेली कित्येक वर्षं आमचं खानदान या नेमानं महाबळेश्वर वाटून घेत होतं.

पहिला मान आत्यांचा. काकांच्या या थोरल्या बहिणीचा पाय तांबड्या मातीवरून घसरला, त्या बसल्या, उठल्या, आणि एक चप्पल दरीत गेली. कुठल्याशा गव्हर्नरच्या लेकीच्या नावाचा पॉइंट तिथं जवळच आहे. "गव्हर्नरची पोरगी आली, बघितलं आन् गेली," काका म्हणाले. "आमची बहीण आली, पडली, उठली, वर चप्पल ठेवून गेली. हक्क कुणाचा जास्ती?" झाला आत्या पॉइंट. दुसऱ्या एका ठिकाणी काकांच्या मेव्हण्यांच्या हातातली खर्डा लावलेली भाकरी माकडानं पळवली. एक घास खाल्ला, उरलेली भाकरी परत कठड्यावर ठेवली, आणि मेव्हण्यांकडे असं काही बघत राहिलं की शेवटी मेव्हण्यांनीच हात जोडले. तो मेव्हणा पॉइंट. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आपल्याला एखादा सूर्यास्ताचा पॉइंट तरी मिळेल. पण दिवसभरात मी एका जागी म्हणून उभा राहिलो तो बॉम्बे पॉइंटच्या अलीकडे, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. समोर फक्त भिंत. काकांनी तिथंच जाहीर करून टाकलं, "हा जावई पॉइंट." मी जरा कुरकुर केली. "तुमी हुबा ऱ्हायलासा का न्हाय हितं? नेम म्हंजे नेम, पावणं." विषय संपला.

पोरांना तर हीच नावं खरी वाटायची. माझ्या मुलीनं परीक्षेत महाबळेश्वरची प्रेक्षणीय स्थळं लिहिताना वेण्णा तलावाच्या खाली आत्या पॉइंट आणि मेव्हणा पॉइंट लिहिले, आणि बाईंनी दोन्हींवर लाल काट मारली. काका मफलर गुंडाळून शाळेत गेले. "बाई, साहेबानं नाव ठेवलं की भूगोल, आन् आमी ठेवलं की चूक व्हय?" बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. गुण वाढवले नाहीत. पण पुढच्या सुट्टीत त्या स्वतः महाबळेश्वरला गेल्या आणि तिथून आमच्या घरी फोन करून विचारलं, ते माकड नेमकं कुठल्या कठड्यावर बसलं होतं. काकांनी तासभर पत्ता सांगितला.

एवढा डोंगर वाटून झाला, तरी काकूंच्या नावाचा पॉइंट मात्र नव्हता. कारण काकू कधी वर आल्याच नाहीत. त्यांना घाट लागायचा. पन्हाळ्याला जायचं म्हटलं तरी वाटेतलं वाघबीळ यायच्या आत त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागायच्या. काकांनी उपाय म्हणून कुठला बाकी ठेवला नाही. नाकाला लिंबू, तोंडात आवळासुपारी. वर्तमानपत्रावर बसलं की गाडी लागत नाही असं कुणीतरी सांगितलं, तर काकांनी त्यांना रविवारच्या अंकावर बसवलं, पुरवणीसकट, जाड असलेला बरा म्हणून. काकूंनी उतरल्यावर सांगितलं, "बातम्या चुरगाळल्या, बाकी काय फरक न्हाय." त्यामुळे दरवर्षी भाकऱ्या, झुणका, खर्डा बांधून काकू आमच्याबरोबर यायच्या त्या वाईपर्यंत. तिथं नदीच्या पायऱ्यांवर सावली बघून बसायच्या आणि म्हणायच्या, "तुमी जावा. मी हाय हितं." समोर कृष्णा. काकूंचं माहेर कुरुंदवाड, म्हणजे तेही कृष्णेकाठचं. "ह्ये पाणी माझ्या माहेराला जातंय," असं त्या फुलवाल्या बाईला दरवर्षी सांगत, आणि ती बाई दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करत असे. संध्याकाळी काका वरून, जुन्या देवळात कृष्णा गोमुखातून पडते तिथलं, बाटलीभर पाणी आणून त्यांच्या हातात द्यायचे. "अवो, हीच नदी माझ्या पायापाशी आलीया की," काकू म्हणायच्या, "बाटलीत कशाला कोंडलासा तिला?" पण बाटली पदराखाली जपून घरी न्यायच्या. मग माझ्याकडे बघून विचारायच्या, "वर गार हुतं काय?" मी हो म्हटलं की अशी मान हलवायच्या, जणू तो गारवा त्यांच्यापर्यंत आला.

मग काकू थकल्या. गुडघे गेले, चार पावलांत धाप लागायला लागली. डॉक्टरांनी आता फार हिंडणं नको म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात काका वर्कशॉपमधून थेट आमच्याकडे आले. आवाज एवढा खाली, की मला वाटलं काही वाईट झालं. "जावयबापू, एकदा तिला वर हुबी करायची. एकदाच. सगळ्या घराचं नाव झालं डोंगरावर, तिचंच न्हाय." मेमसाहेब पालखीतून चढायच्या म्हणून त्यांना घाट लागत नव्हता, असा शोध काकांनी लावला होता. आता भोई कुठले मिळणार? पण उद्यमनगरात स्प्रिंगांना काय तोटा. जीपचं मागचं एक बाक काढून त्यांनी लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात चारी बाजूंनी स्प्रिंगा लावून खुर्ची टांगली. रस्ता हलला तरी खुर्ची हलणार नाही, असा हिशोब. आधी चाचणी घेऊ या, मी म्हणालो. "लोखंड मला फसवत न्हाय," काका म्हणाले. जीप निघाली आणि ती खुर्ची जत्रेतल्या पाळण्यासारखी झुलायला लागली. पेठ नाका यायच्या आत काकू पांढऱ्याफटक. खुर्चीत दोष नाही हे दाखवायला काका स्वतः तिच्यात बसले, गाडी मी घेतली. कऱ्हाडला आम्ही त्यांना कडुनिंबाखाली आडवं केलं आणि काकूंनी आपलं लिंबू त्यांच्या नाकाला लावलं. "आता कळलं का?" एवढंच त्या म्हणाल्या.

वाईत काकू उतरल्या. काका उतरले. काकूंनी पिशवीतला डबा आमच्या हातात दिला, तेव्हा काका म्हणाले, "पोरांस्नी घेऊन तुमी जावा. मी बी थांबतो." लग्नानंतर काकांना मी महाबळेश्वरच्या पायथ्याशी थांबलेलं पहिल्यांदा बघत होतो. आम्ही वर गेलो. स्ट्रॉबेरी खाल्ली, कणसं खाल्ली, फोटो काढले. साहेबाला उकडतंय हे सांगायला कुणी नव्हतं. मी जावई पॉइंटवर जाऊन भिंतीसमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि मला काकांची फार आठवण आली.

संध्याकाळी खाली आलो तर दोघं पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसलेले. काकू बोलत होत्या आणि काका ऐकत होते. दुपारी ऊन कुठल्या पायरीपर्यंत येतं, गुरव नैवेद्य दाखवून कधी परततो, फुलवाल्या बाईची सून कशी आहे, कुठल्या दगडावर कासव येऊन बसतं, सगळं काकू बोट करून दाखवत होत्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते. काका मला बघून उठले, मफलर सारखा केला, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जावयबापू, ह्यो काकू पॉइंट. उंची काय न्हाय, पर दिसतंय लई." अख्खा काठ आमच्याकडे बघायला लागला. "गप बसा की," काकू म्हणाल्या, "लोक बघायलेत." पण त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्यांनी सवयीनं विचारलं, "वर गार हुतं काय?"

त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, काकू गेल्या. घरातच, झोपेत, कुणाला त्रास न देता.

यंदा मे महिन्यात काका जायचं नाव काढणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी जीप धुतलेली दिसली. भाकऱ्या माझ्या बायकोनं केल्या. गाडी मी चालवली. वाईत काकांनी थांबायला सांगितलं, सावकाश उतरले, आणि मागे न बघता म्हणाले, "तुमी जावा. मी हाय हितं."

वर यंदा गर्दी फार होती आणि चांगलंच उकडत होतं. आम्ही गोमुखाचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि लवकरच उतरलो. काका काकूंच्या पायरीवर बसले होते, मफलर काढून मांडीवर ठेवला होता. शेजारी फुलवाल्या बाईनं जास्वंदीचा द्रोण ठेवलेला. मी बाटली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, थोडं सरकून मला जागा केली, आणि पाण्याकडे बघत हळूच विचारलं, "वर गार हुतं काय?"

"होतं, काका," मी म्हणालो. काकांनी मान हलवली.