वीतभर पेचकस

अकोल्यात होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून पार्वताबाईचा फोन वाजायला लागतो. "बाई, कूलर काढायचा आहे, कधी येता?" बावीस वर्षं झाली, जुन्या शहरातून ही बाई खांद्याला पिशवी अडकवून निघते आणि घरोघरचे कूलर उन्हाळ्यासाठी तयार करून देते. जाळ्या उघडायच्या, जुनं गवत काढून नवं भरायचं, टाकी घासायची, पंप पाहायचा, पंख्याला तेल द्यायचं. नवरा सूर्यभान कूलरच्या कारखान्यात पत्रा कापतो. त्याच्याजवळ पाहून पाहून ती शिकली, आणि शिकली ती अशी की आता सूर्यभानच सांगतो, "मी नुसता पत्रा कापतो. कूलर तिलेच कळते." दुपारच्या वेळी घरात बाया एकट्या असतात, अनोळखी मिस्त्रीपेक्षा त्यांना पार्वताबाई बरी वाटते, हे खरं. पण नुसतं बरं वाटतं म्हणून कोणी बावीस वर्षं बोलावत नाही, बाप्पा. तिच्या हातचा कूलर खडखडत नाही.

तिची एक खोड आहे. काम मनासारखं झालं की कूलरच्या आत, पुढच्या पत्र्यावर, ती नेलपॉलिशनं त्या वर्षीचं साल लिहिते. लेक नीलमच्या बाटल्यांत तळाशी उरलेलं नेलपॉलिश ती जपून ठेवायची. पाण्यानं ते जात नाही. एक साल लाल, एक गुलाबी, एक जांभळं. काम मनासारखं झालं नाही तर लिहायचं नाही, हा तिचा नेम. तशी वेळ मात्र कधी आली नव्हती.

यंदा आली. उजवं मनगट सुजलं होतं. एका कूलरला पंचवीस-तीस स्क्रू, दिवसाला चार कूलर, आणि गेल्या सालचे अर्धे स्क्रू गंजलेले. बावीस वर्षं पेचकस पिळून पिळून मनगटाचा पार भुगा झाला होता. डॉक्टरनं सांगितलं, "पिळायचं काम बंद. नाहीतर हा हात कपसुद्धा धरणार नाही." घरी कणीक मळायचं काम सूर्यभाननं आपल्याकडे घेतलं आणि रोज नव्या आकाराच्या पोळ्या ताटात पडू लागल्या. पार्वताबाई हसून खायची. पण मनातून ती घाबरली होती. कूलर गेले तर आपल्याजवळ राहिलं काय, हे तिला उमगत नव्हतं.

धामणगावच्या जावयाच्या, मनोजच्या कानावर ही गोष्ट गेली. गडी मनाचा मोठा, पण उंटावरचा शहाणा. त्यानं भलामोठा बॅटरीचा ड्रिल पाठवला. भिंत फोडायची ती मशीन. उचलतानाच पार्वताबाईच्या तोंडून "आई गं" निघालं. पण जावयानं दिलेली वस्तू खोक्यात ठेवायची कशी? लेकीला काय वाटेल? आपल्याकडे जावयाच्या भेटीपुढे शहाण्याचंही डोकं चालत नाही. ती मशीन घेऊन पार्वताबाई सीझनच्या पहिल्या कामाला गेली.

पहिलं काम दरवर्षी जठारपेठेतल्या चारुशीलाताईंचं. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्याच कूलरवर पार्वताबाईनं पहिलं साल लिहिलं होतं. जाळी लावताना तिनं मशीनचा घोडा दाबला, स्क्रू गर्रकन आत गेला आणि तसाच फिरत राहिला. पातळ पत्रा तो, आटे गेले. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. बोट उचलेपर्यंत मशीन पत्रा खाऊन बसायची. सात भोकं वाया गेली. शेवटी जाळी तारेनं बांधली आणि कूलर सुरू केला, तर सारं घर खडखडायला लागलं.

"राहू द्या, पार्वताबाई," चारुशीलाताई म्हणाल्या. "पुढे पाहू."

नेलपॉलिशची बाटली पिशवीतच राहिली. घरी येऊन तिनं पिशवी खुंटीला टांगली, फोन उशीखाली ठेवला आणि सूर्यभानला म्हणाली, "आता माहं झालं. हातानं होत नाही, मशीननं इज्जत जाते."

सूर्यभान बोलण्यात कमी. आठवडाभर त्यानं पाहिलं, ही काही पिशवीकडे वळत नाही. मग एक दिवस कारखान्यातून येताना त्यानं कूलरच्याच जाडीच्या पत्र्याचा हातभर तुकडा आणला, त्याला बारीक भोकं पाडली, मूठभर स्क्रू घेतले आणि सारं तिच्या पिशवीत टाकलं. "मशीन जवायाले इचारून नको घेऊ," तो म्हणाला. "पत्र्याले इचार."

दुसऱ्या दिवशी टिळक रोडवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात पार्वताबाईनं तो पत्रा काउंटरवर ठेवला. दुकानदारानं आधी सगळ्यात मोठी मशीन काढली. "ताई, हिची ताकद पाहा."

"ताकद भिंतीले लागते, भाऊ. माहा पत्रा पापडावानी हाय. बारकी दाखव."

बारक्या चार निघाल्या. तिनं एकेकीवर वीत ठेवली. कूलरमध्ये पंख्याची मोटर आणि पत्रा यांच्यात तिची एक वीत मावते, त्याहून लांब ती आत फिरणारच नाही. दोन तिथंच बाद. दुकानदाराचा चहा आला, तशी तिनं उरलेल्यांपैकी एक डाव्या हातात धरली आणि खांद्याच्या उंचीला हात लांब करून उभी राहिली.

"हे काय करून राहिल्या ताई?"

"तू चहा पी. तुहा चहा सरेपर्यंत हात दुखला नाही, तर दिवसभर दुखत नाही."

हात दुखला नाही. उजवं मनगट थकलं तर डाव्यानंही चालावी, उलट-सुलट फिरवायचं बटण त्याच हाताच्या अंगठ्यानं दाबता यावं, हेही तिनं पाहिलं. मग पत्रा. मशीनच्या गळ्याशी जोर कमी-जास्त करायची आकड्यांची एक गोल कडी होती. दुकानदारानं ती मधल्या आकड्यावर फिरवली, तिनं परत एकवर आणली. स्क्रू टेकवला, दाबला. स्क्रू आत गेला, पत्र्याला भिडला आणि मशीन कटकट करून आपसूक थांबली. आटे जसेच्या तसे. तिनं दुसरा लावला, तिसरा लावला, दहा लावले. मग मशीन बंद ठेवून ती हातानंच पेचकसासारखी थोडीशी फिरवली. तिच्याबरोबर स्क्रूही वळला.

"बस," ती म्हणाली. "शेवटचा अर्धा पेच मी माह्या हातानं देतो. तेवढ्याले मनगट पुरते."

दुकानदार पंधरा वर्षं मशीनी विकत होता. तो म्हणाला, "ताई, अशी मशीन पाहणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही." खोटं नव्हतं. नाव मोठं लक्षण खोटं असल्या जगात ही बाई सगळ्यात लहान मशीन निवडून ऐटीत घरी आली.

मशीन रात्रभर चार्ज झाली आणि सकाळी पार्वताबाई पुन्हा जठारपेठेत गेली. एप्रिल लागला होता, पारा त्रेचाळीसवर. तिला वाटलं होतं, एव्हाना ताईंनी दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलं असेल. पण कूलर चादरीखाली झाकलेला होता आणि ताई ओला पंचा डोक्यावर घेऊन टेबलफॅनसमोर बसल्या होत्या. पंखा गरम वारा फेकत होता.

"ताई, दहा दिवस झाले. दुसरा मिस्त्री कावून नाही बोलावला?"

"शेजाऱ्यांनी दोन नंबर दिले होते," चारुशीलाताई म्हणाल्या. "पण तुमचं साल लिहायचं राहिलंय ना."

पार्वताबाईनं चादर काढली, जुन्या भोकांपासून बोटभर बाजूला नवी बारीक भोकं पाडली आणि एकेक स्क्रू लावत गेली. प्रत्येकाला शेवटचा अर्धा पेच हातानं. कूलर सुरू झाला. गवतावरून पाणी उतरायला लागलं, थंड वारा खोलीत आला. खडखड कुठंच नव्हती.

मग तिनं कूलर बंद केला, एक जाळी उघडली आणि हिरव्या नेलपॉलिशची बाटली काढली. ताई चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या. पत्र्यावर सालांची रांग पार खालपर्यंत आली होती.

"जरा बारीक लिहा," त्या म्हणाल्या. "खाली जागा ठेवा. पुढच्या वर्षीचं कुठं लिहाल?"

पार्वताबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बारीक अक्षरात साल लिहिलं.