जुनं मॉडेल, नवं मॉडेल आणि दत्ताभाऊचं मोकळं रान

दत्ताभाऊला जाऊन आज वर्ष झालं, आणि आमचं शेवटचं भांडण मोटारसायकलच्या सीटवरून झालं होतं.

दत्ताभाऊ माझा चुलतभाऊ. केज तालुक्यातल्या आमच्या गावातच राहायचा. सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होता. कुणाच्या उसाच्या फडात तोडणीची टोळी कधी जाणार, त्याची चिठ्ठी याच्या हातात.
त्यामुळे सीझनमध्ये आमदारापेक्षा जास्त रामराम यालाच.

नोकरी पक्की झाल्यावर पठ्ठ्यानं स्पोर्ट्स टूरर घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये उगाच मारामाऱ्या व्हायच्या.
लांबच्या टूरसाठी बनवलेली गाडी, आणि हा तिच्यावर बसून उसाच्या नोंदी घेत फिरायचा. फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं कव्हर, तडकलं तर तांब्याच्या तारेनं शिवून घेतलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मी पुण्यात तीच गाडी घेतली. नवं मॉडेल.

खरं सांगतो, टूरिंगसाठी नाही घेतली. भाऊला दाखवायला घेतली.

कारण होतं दुष्काळाचं वर्ष.

त्या वर्षी सिंदफणा नदीतही वाळू तेवढी उरली होती. पाण्याअभावी कारखाना लवकर बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, ऊस उभ्या उभ्या वाळत होता.
मी पुण्याहून फोन लावला.

"भाऊ, आपलाच माणूस तिथं असून आपला ऊस वाळतोय. टोळी चार दिवस आधी पाठव ना."

"लागणीची तारीख बघून टोळी येती सच्या. नातं बघून न्हाई."

टोळी आलीच नाही. कारखाना बंद पडला. आबांच्या उसाचं सरपण झालं.

मी गावी गेलो तेव्हा वाटेत भाऊचं रान लागलं.
मोकळं. एक कांडं उभं नव्हतं.

मी काय ते समजलो. कुणाला विचारलं नाही. आबांपुढं त्याचं नाव काढलं नाही, आणि आबांनीही काढलं नाही. पुढे तेही गेले.

मग दर दिवाळीला मी ती नवी गाडी घेऊन गावी जायचो आणि आम्ही दोघं गाड्यांवरून भांडायचो. उसावरून भांडायची माझी हिंमत नव्हती.

मी म्हणायचो, "सहा गिअर, एबीएस, फ्युएल इंजेक्शन. थंडीत चोक ओढायची भानगड नाही."

तो म्हणायचा, "आन् बंद पडल्यावर? माझी गाडी केजचा कुणीबी मिस्त्री उघडतो. तुझीला लॅपटॉपवाला लागतो बे!"

त्याची ऐंशीच्या पुढं गेली की हँडल थरथरून हाताला मुंग्या यायच्या. माझी शंभरला शांत.
पण त्याच्या मागच्या सीटवर पेंडीचं पोतं आडवं बसायचं. माझ्या मागच्या सीटवर बायको बसत नाही, पोतं कुठलं बसणार?

शेवटच्या दिवाळीत आम्ही गाड्या बदलून माजलगावच्या धरणापर्यंत गेलो. जुनीवर मी, नवीवर तो.
माझ्याच गाडीवर बसून तो माझ्या पुढं निघून गेला, आणि मला उगाचच राग आला.

धरणाजवळ चहा पिताना मी बोलून गेलो.

"काही म्हण भाऊ, स्वतःचा ऊस मात्र तू वेळेत घातलास. आमचा वाळला."

भाऊनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"क्लच लई हलका हाय रे तुझा," तो म्हणाला. "पर सीट कशाला एवढी उतरती केली? माणूस टाकीवर घसरतंय."

मी त्या सीटची बाजू घेऊन अर्धा तास भांडलो.

तीन महिन्यांनी भाऊ अटॅकनं गेला.

आज वर्षश्राद्धाला आलो. पंगती उठल्यावर वहिनींनी जुन्या गाडीवरची ताडपत्री काढली. "पुसून ठिवते मी रोज," म्हणाल्या.
मी मोठ्या मनाचा आव आणला. म्हटलं, "जाऊ द्या वहिनी, झालं गेलं. त्या दुष्काळात भाऊनं तुमचा तरी ऊस कारखान्याला घातला, बरंच केलं."

वहिनींनी फडकं टाकीवर ठेवलं.

"आजून तेच धरून बसलात व्हय भावजी? कुठला ऊस? आमचा नंबर तुमच्या बी मागं हुता. ह्यांनी हिरवा हाय तवरच सगळा कापून चारा छावणीला दिला. जनावरं तरी जगतील म्हणले. तुमच्या आबांना बी तसंच करा म्हणून सांगायला गेलते, पर आबा रागात हुते."

मला तो दिवस आठवला. कारखान्याची टोळी ऊस नेते तेव्हा मागं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पडतं, गुडघ्याएवढं. भाऊच्या रानात पाचट नव्हतं. जनावरांसाठी पानासकट नेलेला ऊस होता तो.
मी शेतकऱ्याचा पोरगा. एवढं मला दिसायला हवं होतं. मला फक्त मोकळं रान दिसलं.

"मग भाऊ मला बोलला का नाही वहिनी? मी तोंडावर म्हटलं त्याला."

"मी बी म्हणले, सांगून टाका. तर म्हणायचे, सांगितलं तर सच्याला लाज वाटंल. मंग तो गावाकडं यायचाच न्हाई. गाडीवरून का हुईना, भांडायला येतोय, यिऊ दे."

मी तिथंच ओट्यावर बसलो आणि पोरांदेखत रडलो.

भाऊ, लाज वाटली असती. कबूल.
एक-दोन दिवाळ्या तोंड लपवून पुण्यात बसलो असतो, हेही कबूल.

पण आलो असतो रे. तुझे पाय धरायला आलो असतो.

तुला तुझ्या लहान भावाचा अखेरचा नमस्कार.