थोडा वाकडा रस्ता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, ज्यांच्यासोबत घोषणा दिल्या त्यांना नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून असेल.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या पलंगाखाली बाबांच्या पुस्तिकांचे गठ्ठे असायचे, अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. त्यामुळे असेल — मला छोटं, ठाम वाक्य आवडतं. ज्यावर मूठ वळता येते असं.

रायपूरच्या दक्षिणेकडच्या पहाडांतली गावं मोठ्या हायवेला जोडायला रस्त्यांचं जाळं विणायचं ठरलं, तेव्हा मी तिथे गेले. एका गावात झाडांवर लाल रंगाचे आकडे पडले होते. रस्ता गावाच्या देवाच्या सालवनातून जाणार होता. मी पेटून उठले. आजही उठेन. ती झाडं तोडणं चूकच होतं, त्याबद्दल माझी कबुली नाही.

कबुली तिच्याबद्दल आहे.

ती त्याच गावातली. तिचं नाव मी घेणार नाही. लपवायचं म्हणून नाही. त्या भागात दोन बाया सगळ्या गावासमोर एकमेकींना नारळ देतात, जगन्नाथाचा वाळलेला भात भरवतात, आणि त्या दिवसापासून एकमेकींच्या ‘महाप्रसाद’ होतात. मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. मला तिने तसं मानलं. तिच्या अंगणात, तिच्या हातून मी तो भात खाल्ला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “परसाद खाऊन क्रांती करून राहिली काय गं पोट्टी?” आणि खूप हसले. मीही हसले. पण ‘महाप्रसाद’ अशी हाक मला आजवर दुसऱ्या कोणी मारलेली नाही. ती हाक ऐकावीशी वाटते — भर दुपारी, पंडरी बाजाराच्या गर्दीत, कधीही.

तिची मोठी मुलगी रमशिला सहावीत होती, धाकटी अजून कडेवर. शाळा पहाडाखाली, म्हणून पोर वसतिगृहात. सणावारालाच घरी यायची. रस्ता झाला की बस येईल, बस आली की पोर रोज संध्याकाळी घरी येईल — तिचं सगळं गणित एवढंच होतं. चुलीपाशी बसून ती मला सांगायची, “सड़क त चाही, महाप्रसाद. थोरकिन टेड़गा बनावँय, बस.” रस्ता हवाच. थोडा वाकडा करा, बस. सालवनाला वळसा घालून.

गाव तेच म्हणत होतं. मोजणीला आलेला साहेबसुद्धा म्हणाला होता, “लिख के दे दो दीदी, घुमा देंगे.”

लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी रायपूरला परतले, गोलबाजारामागच्या छापखान्यात बसले. आणि तुम्हीच सांगा, ‘रस्ता थोडा वाकडा करा’ याची घोषणा होते का? ते वाक्य मी पुष्कळ वेळा लिहिलं, खोडलं. ते पुचाट वाटायचं. तडजोड वाटायची. शेवटी लिहिलं — ‘आमच्या पहाडाला रस्ता नको.’ पत्रकावर मोठ्या अक्षरांत, अर्जातही तेच. आणि पत्रकात त्या वाक्याखाली तिचं नाव छापलं. जे नाव मी तोंडाने घ्यायचं नव्हतं ते, जे वाक्य ती कधी बोलली नव्हती त्याच्याखाली.

एवढ्यावर थांबले असते, तर चूक म्हणता आली असती. पण मी अर्ज घेऊन गावात गेले. बाया गोळा झाल्या. कोणालाच वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिहिलंस? मी कागद समोर धरला आणि वाचून दाखवलं — सालवन वाचवा, रस्ता वळवा, बस द्या. कागदावर यातलं सालवन तेवढं होतं. बाकी मी हवेतून वाचत होते. सगळ्यात आधी अंगठा तिने दिला. शाई लागलेलं बोट माझ्या गालाला पुसून हसली.

गावालाच रस्ता नको, असं लेखी मिळाल्यावर कोण कशाला वाद घालेल? रस्ता पहाडाच्या पलीकडच्या अंगाने गेला. रायपूरला आम्ही गुलाल उधळला. माझा सत्कार झाला. मी भाषण केलं — चांगलं केलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. सड़क काबर नइ आइस? का नाही आला रस्ता, आपण तर फक्त वळवा म्हटलं होतं ना? तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, “सरकार ऐसी ही होती है, महाप्रसाद.” माझा आवाज भरून आला, तर तीच माझी समजूत घालू लागली. तू किती धावपळ केलीस, म्हणाली. रडू नको.

पलीकडच्या त्या नव्या रस्त्याने मी बसमधून जाते कधी कधी. छान रस्ता आहे. एका वळणावर खिडकीतून तो पहाड दिसतो, गाव दिसत नाही. उतरून चढत जावं, तिच्या अंगणात बसावं, असं इतकं वाटतं की पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवावा लागतो. उतरले मात्र एकदाही नाही.

या दिवाळीला रमशिला घरी आली होती. आता ती आईपेक्षा उंच झाली आहे. सुटी संपल्यावर आई तिला सोडायला डांबरी सडकेपर्यंत पायी आली. तिथे सिग्नल मिळतो, म्हणून मला फोन लावला. म्हणाली, नवा अर्ज लिही. मोठीला नाही, तर धाकटीला तरी बस मिळेल. अंगठे मी गोळा करते. तू लिहिलंस की आम्हाला वाचून घ्यायचीही गरज नाही.

मी ‘हव’ म्हणाले, म्हणजे हो.

पलीकडे वारा ऐकू येत होता. त्या दिवशीही मी सांगितलं नाही.