घर झाडायचं राहिलंय

मी विमान चालवतो याचं पिंपळवंडीत सगळ्यांना कौतुक होतं, एक माझी आई सोडून. निदान मी तरी अर्धं आयुष्य तसंच धरून चाललो.

सुट्टीवर आलो की वडील मला मुद्दाम नारायणगावच्या बाजारात न्यायचे. काम काही नसायचं. टोमॅटोच्या क्रेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा आमचा धाकला. इमान चालवतो, मिल्ट्रीचं." मग कुणीतरी हटकून विचारायचं, "राव, वरून आमचं गाव दिसतं का?" मी तिकडे ईशान्येच्या डोंगरांत मालवाहू विमान उडवायचो, चौक्यांवर रसद टाकायचो. तिथून कुठलं पिंपळवंडी दिसायला! पण मी दिसतं म्हणायचो. वडिलांची छाती फुगायची आणि मलाही चहा फुकट मिळायचा.

आई यातलं काही विचारायची नाही. म्हशीचं बोलायची, कांद्याचं बोलायची, भावकीतल्या लग्नांचं बोलायची. एकदाच, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं होतं, "सकाळी उडता का दुपारी?"

"सकाळी. दुपारी डोंगरात ढग भरतात, म्हणून दुपारच्या आत खाली येतो."

"बरं," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. माझ्या नोकरीबद्दलची तिची चौकशी तेवढ्यात संपली.

आम्हा वैमानिकांना वाटतं, आपण हिशेबाची माणसं. वारा, इंधन, वजन, सगळं मोजून निघणारी. तसं काही नसतं. आमच्यातला एक जण डावा बूट आधी घातल्याशिवाय खोलीबाहेर पडत नसे. उड्डाणाआधी कुणी फोटो काढू देत नसे. मी स्वतः विमानात चढताना पुढच्या चाकाच्या टायरला हात लावायचो. कुणी पाहिलं तर हवा तपासतोय असं दाखवायचो. भीती सगळ्यांनाच असते, फक्त ती उघड बोलायची नाही असा आमच्यात रिवाज होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी आमच्या तळावरचं विमान ढगात डोंगरावर आदळलं. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा माझा जिवलग मित्र त्यात होता. शोध घेण्यात काही दिवस गेले. मग त्याची पेटी घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईसमोर उभा राहिलो आणि तिथं मला माझी आई आठवली. तळावर परतल्याबरोबर मी घरी फोन लावला.

घरी म्हणजे एस.टी. थांब्यावरच्या किराणा दुकानात. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. दुकानदार आईला बोलावून आणायचा, मग आपण पुन्हा फोन करायचा. आई आली ती धापा टाकतच.

"खाली हायेस ना?"

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर."

"हो. आई, माझा एक मित्र..."

"बरं, मंग ठेवते. घर झाडायचं राहिलंय."

आणि ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा. मित्राच्या आईचा हंबरडा अजून माझ्या कानांत होता, आणि माझ्या आईला केर काढायचा होता! मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलो नाही.

तो राग मी जपला. त्याला दुसरा शब्द नाही. वर्षातून दोनदा यायचो तो एकदा येऊ लागलो, मग दोन वर्षांतून एकदा. उरलेल्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी. गावी आलोच तर पाहुण्यासारखा. आईनं कधी 'का रे येत नाहीस' असं विचारलं नाही. ते न विचारणंही मी तिच्याच खात्यावर मांडलं.

पुढं पाठीनं दगा दिला. डॉक्टरांनी मला विमानातून काढून खुर्चीत बसवलं. आमच्या नोकरीत ते आज ना उद्या होतंच, पाठ धड असली तरी बढती बसवते. माझ्या बरोबरीचे काही जण खाजगी विमान कंपन्यांत गेले, मी फायलींवर सह्या करत राहिलो. आकाश सुटलं याचं दुःख कुणाला सांगावं असं वाटे, तेव्हा आई आठवायची आणि लगेच तो फोनही आठवायचा. मग सांगायचं राहून जायचं. ती गेली तेव्हा मी दूर होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी गावी परतलो. वडीलही नव्हते. थोरला भाऊ शेती बघत होता, वहिनी घर. परत येऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बोलावणं आलं. कॉलेज तेव्हा नवंच होतं. विषय होता, वैमानिक कसं व्हावं. सकाळीच जीप न्यायला आली.

भाषण बरं झालं. शेवटी एक मुलगी उभी राहिली. मढ गावाकडची होती, धनगराची. म्हणाली, "सर, मला हवाई दलात जायचंय. पण आई लई घाबरती, नकोच म्हणती. तुमच्या आईनं कसं जाऊ दिलं?"

मी हसलो. म्हणालो, "आईच्या भीतीचं मनावर घेऊ नका. त्यांना सवय होते." आणि तो फोन मी जसाच्या तसा करून दाखवला, धापांसकट. "माझा मित्र गेला, आणि आमच्या मातोश्री म्हणतात, ठेवते, घर झाडायचं राहिलंय!" सगळा हॉल खदखदून हसला. ती मुलगी नाही हसली. खाली बसली.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, मला पाहिलं आणि वहिनींनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"भावजी, जरा वसरीवरच बसा. धूळ उडंल."

मी घरी असताना घर पहाटेच लख्ख झाडलेलं असायचं. मी विचारलं, "आज इतक्या उशिरा?"

"तुमी बाहेर गेला व्हता ना. मानूस पोचूस्तवर घर झाडू न्हाई. आत्याबाईंनी लावलेली सवय."

आत्याबाई म्हणजे माझी आई. माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढू नये, हे कुठल्याही घरात पाळतात. थोडा वेळ थांबतात आणि झाडतात. मी तसं म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "आत्याबाईंचं तसं नव्हतं. तुमी रोज उडायचा ना? त्यांच्या लेखी तुमी रोजच घरातनं निघायचा. दुपारचं ऊन उंबऱ्याला लागलं की म्हनायच्या, उतरला असंल आता, घे झाडून. येक दिस चुकवला न्हाई. मामंजी वरडायचे, पावणंरावळं नावं ठिवायचं."

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला काय म्हाईत? घर कवा झाडत्यात ते आमी कवा बघितलंय?"

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण वहिनी सांगत होत्या.

"आन् टीव्हीवर ते इमान पडल्याचं सांगितलं तवा तर किती दिस केरसुणीला हात लावू दिला न्हाई. तुमचा काय निरोप न्हाई. पायाखाली नुसती माती. मग तुमचा फोन आला. दुकानातनं पळत आल्या, पदर खोचला आन् झाडाया लागल्या. मी म्हनलं, द्या मी झाडते. म्हनल्या, न्हाई गं, उतरला माझा ल्योक, आज मलाच झाडू दे. झाडता झाडता रडत व्हत्या."

मी वसरीवर बसून राहिलो. आत वहिनी झाडत होत्या. त्या आवाजासाठी आईनं फोन ठेवला होता, आणि मी तेवढ्यावरून तिला इतकी वर्षं एकटं टाकलं. आता कुणाची माफी मागू?

माफी मागायला आई नाही. पण ती मुलगी तरी असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अवसरीला गेलो. नाव विचारून ठेवलं नव्हतं. कॉलेजात मढकडच्या दोघी-तिघी निघाल्या, त्यांत ती नव्हती. एकीनं सांगितलं, ती कालच संध्याकाळी गावी गेली, आईला समजवायला. जाताना म्हणत होती, सर म्हणाले, मनावर घ्यायचं नाही.